पुण्याचे कोळी, खानदेशाचा पाचोळा

सागाच्या जंगलात गुडघे टेकून पाचोळा चाळत बसलेला माणूस दिसला, की खानदेशात त्याच्याबद्दल चटकन तीन मतं तयार होतात. पहिलं गुप्तधनाचं. दुसरं सर्वेचं, म्हणजे आता कुणाची तरी जमीन जाणार. तिसरं जरा दयाळू: घरात काहीतरी बिनसलंय बिचाऱ्याचं. हा माणूस दोन मिलिमीटरचा कोळी शोधत असेल, ही चौथी शक्यता कुणाच्याच डोक्यात येत नाही. त्यानं ती आपण होऊन सांगितली, तर पहिलं मत आणखी पक्कं होतं. एवढा शिकलेला माणूस खरं कारण कशाला सांगेल?

"काय शोधी राहिनात भाऊ?" या सवालाला "कोळी" हे उत्तर पुरत नाही. कारण विचारणाऱ्याच्या घरी कोळ्यांचा तोटा नसतो, आणि खानदेशी माणूस पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही. "मंग आम्हना घर चाला, गोणीभर देस!" आता या माणसाला हे कसं समजवायचं, की माळ्यावरच्या जळमटातले कोळी निराळे आणि पाचोळ्यातले निराळे? घरातले कोळी माणसाच्या ओळखीचे असतात. पाचोळ्यातले जाळं टांगत नाहीत, भिंतीवर चढत नाहीत, दिवाळीच्या साफसफाईत सापडत नाहीत. ओनोपिडी नावाचं त्यांचं एक कुळ आहे. त्यातले बहुतेक एक ते तीन मिलिमीटरचे, आठाऐवजी सहाच डोळ्यांचे, आणि पुष्कळांच्या पोटावर नारिंगी रंगाची कडक ढाल. दोन पानांच्या मधल्या फटीत जन्मायचं, तिथंच शिकार करायची, तिथंच मरायचं. यांची गोणी भरायची म्हटली, तर अख्खा सातपुडा पालथा घालावा लागेल.

हे कुळ किती दुर्लक्षित होतं, हे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या नॉर्मन प्लॅटनिक यांनी जगाला दाखवलं. 2006 मध्ये त्यांनी या कुळासाठी एक जागतिक मोहीम काढली, तेव्हा सुमारे 500 प्रजाती ठाऊक होत्या. आज तो आकडा 1,800 च्या पुढं गेला आहे. मधल्या काळात कोळ्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. ते होते तिथंच होते. फक्त पाचोळ्यात गुडघे टेकणाऱ्या माणसांची संख्या वाढली होती, आणि बाटल्यांत वर्षानुवर्षं पडून राहिलेले नमुने कुणीतरी उघडून बघितले होते.

उष्णकटिबंधातला पाचोळा म्हटलं, की डोळ्यांपुढं येतं ते सदाहरित अरण्य: वरून ठिबकणारं पाणी, खाली शेवाळ, मधे ऑर्किड. जळगाव साधारण 21 अक्षांशावर आहे, म्हणजे उष्णकटिबंधात चांगलं आत. पण इथं त्यातला पाण्याचा वाटा कमी आणि उष्णतेचा सढळ. मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो आणि भुसावळकर त्यावर "यंदा विशेष नाही" असं म्हणतात. जंगल कोरडं पानझडीचं: साग, सलई, अंजन, धावडा, पळस. फेब्रुवारीपासून पानं गळायला लागतात, आणि सागाचं वाळलेलं पान इतकं मोठं आणि कडकडीत, की त्यावरून कोणीही गुपचूप चालू शकत नाही. बिबट्या नाही, वनरक्षक नाही आणि अभ्यासक तर मुळीच नाही. मात्र वरचा थर बाजूला केला, की खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि तिसऱ्यात ओल असते. पांढरी बुरशी, कोलेंबोला नावाचे इवले उड्या मारणारे जीव, माइट आणि त्यांना खाणारा कोळी, असा सगळा बाजार तिथं भरलेला असतो.

या पाचोळ्यावर हक्क सांगणारे मात्र बरेच. मोह वेचायच्या दिवसांत फुलं नजरेत भरावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. बांधावरचा पाचोळा खताच्या खड्ड्यात जातो. थंडीत शेतात भरिताचा बेत ठरला, की कपाशीच्या काड्यांना पेटवायला आधी मूठभर पाचोळाच लागतो, आणि त्या मुठीत कोणकोणत्या प्रजाती होत्या, हे वांगं भाजेपर्यंत कुणी विचारत नाही. भरिताच्या पार्टीला बसलेल्या अभ्यासकाचीही तेव्हा विचारायची इच्छा नसते.

अभ्यासकाची पहिली झटापट कोळ्याशी नसते, अर्जाशी असते. यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झालं, क्षेत्र 177 चौरस किलोमीटरच्या वर. तिथला पाचोळा चाळायचा, तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वनविभागाची परवानगी हवी. अर्जात लिहावं लागतं: कोणता प्राणी, किती नग, कशासाठी. इथं गाडी अडते. प्राणी कोणता हे ठाऊक असतं, तर तो नवा कसा असता? म्हणून अभ्यासक लिहितो, "कोळी, विविध." नग किती, तर "आवश्यकतेनुसार". बारा वाघांच्या प्रकरणांतून मान वर काढून साहेब त्या अर्जाकडं बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, त्याचं वर्णन अजून कुठल्याच शोधनिबंधात आलेलं नाही. घरातला कोळी चपलेनं मारायला मात्र कोणाच्याच सहीची गरज पडत नाही.

नमुने ठेवायला मद्यार्क लागतो, तोही टक्केवारीनुसार: शरीररचना बघायची तर 70 टक्के, डीएनए काढायचा तर जवळजवळ शुद्ध. प्रयोगशाळेच्या मद्यार्कालाही उत्पादन शुल्क खात्याचा परवाना असतो. परवाना आहे, बाटलीवर चिठ्ठी आहे, आत कोळी आहे. तरी शिरपूरहून धुळ्याला येणाऱ्या एसटीत ती बाटली पिशवीतून डोकावली, की शेजारचा प्रवासी आधी बाटलीकडं, मग अभ्यासकाच्या डोळ्यांकडं बघतो. आत कोळी दिसल्यावर त्याची खात्री पटते, की हा नुसता पीत नाही, बाहेरदेशची काहीतरी पद्धत वापरतो.

पद्धतींचं म्हणाल, तर सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी म्हणजे चाळणी. मूठमूठ पाचोळा चाळणीत टाकायचा, खाली पांढरं कापड धरायचं आणि हलवायचं. माती पडते, किडे पडतात, आणि मग त्या कापडावरचा एखादा कण चालायला लागतो. दुसरी पद्धत खड्ड्याची: प्लॅस्टिकचा पेला जमिनीत काठापर्यंत पुरायचा आणि त्यात थोडं साबणाचं पाणी ओतायचं. रात्री फिरणारा कोळी आत पडतो. त्याच्या आधी मुंगळे पडतात, विंचू पडतो, गोम पडते, आणि सकाळी शेळ्यांचा कळप येऊन उरलेल्या प्रयोगाचा निकाल लावतो.

तिसरी पद्धत विलायती. इटलीच्या अंतोनियो बेर्लेसे यांनी 1905 मध्ये एक नरसाळं तयार केलं. वर पाचोळा ठेवायचा, त्याला ऊब द्यायची. वरचा थर सुकत गेला, की आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि खालच्या बाटलीत पडतात. ऊब देण्यासाठी पुढं स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेन यांनी वर विजेचा दिवा लावला. स्वीडनमध्ये ही मोठीच सुधारणा म्हणायची. जळगावात एप्रिल-मेमध्ये नरसाळं नुसतं गच्चीवर ठेवलं, तरी काम होतं. उलट इतकं होतं, की कोळी खाली सरकण्याआधीच वाळून जातो.

इतकं सगळं करून बाटलीत जे सापडतं, त्यातलं बरंचसं निरुपयोगी असतं, कारण ती पोरं असतात. कोळ्याची प्रजात ठरते ती वयात आल्यावरच, आणि कशावरून ठरते हे घरंदाज मासिकात जरा जपूनच सांगावं लागतं. रंग फसवतो, आकार फसवतो, नक्षीही फसवते. खात्री देतात ती फक्त जननेंद्रियं. नराच्या तोंडाजवळ दोन छोट्या सोंडा असतात, त्यांची टोकं फुगीर. वीर्य साठवून मादीला देण्याचं काम ती टोकं करतात. मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी एक पट्टी असते, आणि ती शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण दिसते. फ्रान्सच्या लेओं द्युफूर यांनी 1844 मध्ये कुलूप-किल्लीचा सिद्धांत मांडला: प्रत्येक प्रजातीच्या मादीचं कुलूप निराळं आणि त्याला त्याच प्रजातीच्या नराची किल्ली. सगळी कुलपं इतकी काटेकोर नसतात, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण आजही नव्या प्रजातीच्या वर्णनातली निम्मी चित्रं याच विषयाची असतात. पीएचडी करणाऱ्या मुलाचा संगणक आईनं अचानक बघितला, तर खुलासा करायला बराच वेळ लागतो.

मादीची ती पट्टी सुईच्या टोकानं काढून आतल्या नळ्या दिसेपर्यंत पारदर्शक करावी लागते. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, नाही तर लवंगेचं तेल. तेच, दातदुखीवरचं. त्यामुळं कोळ्यांच्या प्रयोगशाळेत शिरलं, की पहिल्यांदा दंतवैद्याची आठवण होते. दोन मिलिमीटरच्या प्राण्याच्या पाव मिलिमीटर अवयवाला सुई लावायची, तर श्वास रोखून धरावा लागतो. वर फिरणारा पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात जळगावात पंखा बंद करून बसणं, ही विज्ञानासाठी केलेली तपश्चर्या आहे. निधी देणाऱ्या संस्थांच्या नमुन्यात मात्र तिच्यासाठी रकाना नाही.

समजा, इतक्यातून निभावून एक नर आणि एक मादी हाती लागली आणि दोन्ही कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाहीत. म्हणजे नवी प्रजात? अजून नाही. नवी प्रजात जाहीर करणं हे जमिनीचा व्यवहार करण्याआधी सात-बारा आणि जुने सगळे फेरफार काढण्यासारखं आहे. कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी भाषेत या कोळ्याला आधीच नाव देऊन ठेवलं असेल, तर तेच नाव चालतं. आणि कोळ्यांचे फेरफार फार मागं जातात. बाकीच्या सगळ्या प्राण्यांची नावं लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून धरतात, पण कोळ्यांना एक खास सवलत आहे: स्वीडनच्याच कार्ल क्लर्क यांनी 1757 मध्ये स्वीडनच्या कोळ्यांवर एक पुस्तक काढलं होतं, आणि प्राण्यांच्या नावांचे नियम करणाऱ्या मंडळानं ते लिनियसच्याही वर मान्य केलं आहे. प्राणिशास्त्रात गुरुजींच्या आधी हजेरी लागलेला हा एकमेव वर्ग.

सुदैवानं ही सगळी दप्तरं आता एका ठिकाणी बघायला मिळतात. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जागतिक कोळी सूची ठेवली जाते. एप्रिल 2022 मध्ये या सूचीनं 50,000 चा आकडा ओलांडला. पन्नास हजाराव्या क्रमांकाचा मान दक्षिण अमेरिकेतल्या गुरियुरियस मिनुआनो नावाच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला मिळाला. पण सूचीत नाव सापडणं वेगळं आणि कोळी ओळखणं वेगळं. पूर्वीच्या पुष्कळ वर्णनांत चित्रच नसतं; चार ओळी लॅटिन आणि "रंग पिवळट". मग मूळ नमुना बघावा लागतो. जुन्या अभ्यासकांपैकी पोकॉकचा लंडनला असतो, सिमोंचा पॅरिसला. रावेर तालुक्यातला कोळी नवा आहे की नाही, याचा निकाल पॅरिसच्या एका कपाटातल्या, शंभरावर वर्षं मद्यार्कात बसलेल्या आणि एव्हाना रंगच उरला नसलेल्या कोळ्यावर अवलंबून असतो.

नावांच्या या सगळ्या कारभाराचा मूळ पुरुष लिनियस; आणि त्याचा जळगावशी संबंध नाही असं कुणी समजू नये. 1736 मध्ये नेदरलँड्समधल्या जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या काचघरात त्यानं केळीला फूल आणून दाखवलं आणि त्या आनंदात केळीवर एक पुस्तकच लिहून काढलं. त्याची युक्ती अशी: आधी काही आठवडे झाडाला पाणी तोडायचं, मग एकदम भरपूर द्यायचं. युरोपात त्याचं कौतुक झालं. रावेर-यावलच्या शेतकऱ्यानं ते ऐकलं असतं, तर एवढंच विचारलं असतं: घड किती किलोचा पडला?

याच लिनियसनं 1767 मध्ये एका मोठ्या, चपट्या, पळ काढण्यात पटाईत कोळ्याला नाव दिलं. आजचं त्याचं नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. हा केळीच्या घडात बसून जहाजातून जगभर पोचला आणि तिकडच्या बंदरांवर लोकांना किंचाळायला लावून "केळ्यातला कोळी" म्हणून प्रसिद्ध झाला. आज उष्णकटिबंधातल्या बहुतेक देशांत तो आहे. पाचोळ्यातल्या कोळ्याचं अगदी उलट. त्यातले पुष्कळ जण जन्मभर थोड्याशा जागेतच राहतात, ओलाव्याचा पट्टा संपला की पुढं पाऊल टाकत नाहीत. त्यामुळं एका डोंगरावरचा कोळी पलीकडच्या डोंगरावर असेलच असं नाही, आणि पुण्याचं पुस्तक घेऊन सातपुड्यात आलेला माणूस पहिल्याच चाळणीत गोंधळतो.

पुण्याचं पुस्तक हे इथं अलंकारिक नाही. भारतीय कोळ्यांचा आधुनिक अभ्यास मोठ्या प्रमाणात बी. के. टिकादार यांच्या हातून झाला. ते मूळचे बंगालचे, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे अधिकारी, आणि बराच काळ पुण्यात होते. 1987 मध्ये निघालेल्या त्यांच्या भारतीय कोळ्यांच्या हस्तपुस्तिकेतल्या यादीत 1,067 प्रजाती आहेत. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यू. ए. गजबे यांनी जमिनीवर, दगडांखाली, पाचोळ्यात राहणाऱ्या नाफोसिडी कुळातल्या प्रजातींना जी नावं दिली, ती ओळीनं वाचली तर एसटीचं वेळापत्रक वाचल्याचा भास होतो: झेलोटेस नाशिकेन्सिस, हॅप्लोड्रॅसस साताराएन्सिस, ड्रॅसिलस रत्नागिरिएन्सिस, कॅलिलेपिस चाकणेन्सिस. आणि पुण्याचं तर काय विचारता! नाफोसा पूनाएन्सिस, झेलोटेस पूनाएन्सिस, फेओसीडस पूनाएन्सिस, स्कोटोफेयस पूनाएन्सिस, सॉस्टिकस पूनाएन्सिस. शहराचं इंग्रजी स्पेलिंग सरकारनं केव्हाच बदललं, पण नियम असा, की नाव मुळात जसं छापलं तसंच राहतं. माणसं पुण्यात राहतात. कोळी अजून पूना कॅम्पातच आहेत.

आता प्रश्न असा, की पुण्याच्या दगडांखाली एवढे कोळी का? हवा चांगली म्हणून, असं पुणेकर सांगेल. खरं कारण साधं आहे: टिकादारांचं ऑफिस पुण्यात होतं. चाकण रस्त्यावर होतं. मुंबईचंही तसंच. गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी 2010 मध्ये एक विंचू शोधला, लायकास आरेएन्सिस. 2014 मध्ये टॅरंटुलाच्या कुळातला एक कोळी, हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस. त्याच आरेतून पुढं फिंटेला चोळकेई हा उड्या मारणारा कोळी आला. दीड कोटीच्या वर वस्तीच्या महानगरात नव्या प्रजाती निघतात, याचं वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटतं. वास्तविक त्या तिथंच निघणार, कारण शोधणारी पोरं लोकलनं तिथं पोचतात आणि रात्री जेवायला घरी येतात. प्रजातींचा म्हणून जो नकाशा छापला जातो, तो बऱ्याच अंशी अभ्यासकांच्या घरच्या पत्त्यांचा नकाशा असतो. वरच्या पंगतीत नाशिक आहे, सातारा आहे, चाकणसुद्धा आहे. धुळ्या-जळगावचं पान तिथं मांडलेलं नाही, आणि यात धुळ्या-जळगावच्या कोळ्यांचा काही दोष नाही.

हे फक्त दोन मिलिमीटरच्या जिवांचंच होतं असं नाही. चांगला वीतभर जीव खानदेशात शंभरावर वर्षं "सापडत नव्हता". रानपिंगळा हे छोटं घुबड 1873 मध्ये पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी शास्त्राला कळवलं. पुढं 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं शहादा-तळोदा भागातून त्याचे नमुने गोळा केले. मग काही नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेतला, तरी हाती काही आलं नाही. अडचण अशी होती, की रिचर्ड माइनर्टझ्हॅगन या बड्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 1914, तापीकाठचं मांडवी, गुजरात. लोक त्या चिठ्ठीवर विसंबले.

अमेरिकेच्या पामेला रॅसमसन यांनी तो पक्षी तपासला. आतला कापूस, शिवण, टाके सगळं उसवून बघितलं. तेव्हा निघालं ते असं: साहेबांनी पक्षी मारलाच नव्हता, संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना उचलला होता, पुन्हा शिवला होता आणि नवी चिठ्ठी बांधली होती. रॅसमसन यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते घेतले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्याबरोबर शहाद्याजवळ आल्या. रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला होता. 1884 च्या शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर 113 वर्षांनी. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. पुढच्याच वर्षी 1 जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि धुळ्याच्या हातून हा मानही गेला.

कोळ्यांच्या अभ्यासात म्हणूनच चिठ्ठीला कोळ्याइतकी किंमत आहे. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी पकडला, कशात पकडला. सगळं नखाएवढ्या कागदावर, मद्यार्कात न विरघळणाऱ्या शाईत. त्यातला एक नर किंवा मादी मूळ नमुना म्हणून नेमली जाते, आणि जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार असा नमुना सरकारमान्य भांडारात जमा करावा लागतो. म्हणजे पाचोळ्यातून कधी बाहेर न पडलेला रावेरचा कोळी मेल्यावर थेट कोलकात्याला प्रवास करतो.

वर्णनाची भाषा तर अशी, की वाचणाऱ्याला क्रियापदाची भूक लागावी. "पाठढाल नारिंगी, लांबीपेक्षा रुंदी कमी. पाय फिकट, काट्यांविना. चौथा पाय सर्वांत लांब." पुढं आठ पायांच्या प्रत्येक सांध्याची लांबी, मिलिमीटरच्या दोन दशांश स्थळांपर्यंत. या रूक्ष वाळवंटात जिवंतपणा एकाच जागी: नावाची व्युत्पत्ती. तिथं अभ्यासकाला माणसासारखं बोलायची परवानगी असते. 2016 मध्ये कर्नाटकात सापडलेल्या, वाळक्या पानाचं सोंग घेणाऱ्या सात मिलिमीटरच्या कोळ्याला जावेद अहमद, राजश्री खळप आणि सुमुख यांनी हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या जादूच्या टोपीवरून एरिओविक्सिया ग्रिफिंडोरी हे नाव दिलं. 2019 मध्ये मारेंगो सचिनतेंडुलकर आला. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी हे नाव मिळालं, ते कसाबला जिवंत पकडताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. पुरुषाच्या नावाला शेवटी "ई", बाईच्या नावाला "ए". त्यामुळं टिकादार-गजबेंच्या यादीत सीता, रुक्मिणी, आशा यांची नावंही लॅटिन पेहरावात येऊन बसली आहेत. स्वतःचं नाव देण्यावर थेट बंदी नाही, पण तसं करत नाहीत. त्याऐवजी दोस्ताला सांगून ठेवतात: तुझ्या कोळ्याला माझं, माझ्या कोळ्याला तुझं.

खानदेशातून असा कोळी निघाला, तर खरी परीक्षा इथं आहे. जळगावेन्सिस म्हटलं तर धुळं रुसेल. खानदेशेन्सिस म्हटलं तर नंदुरबार विचारेल, आम्ही त्यात आहोत का. पुढाऱ्याचं नाव द्यावं तर निवडणूक तोंडावर असते आणि शोधनिबंध छापून येईपर्यंत पक्ष बदललेला असू शकतो. सगळ्यांना चालेल असं नाव एकच: बहिणाबाई. जळगावच्या विद्यापीठालाही 2018 मध्ये त्यांचंच नाव दिलं गेलं. सुगरणीच्या खोप्यावर त्या लिहून गेल्या आहेत. विणण्याच्या कामात आठ पायांवाल्याचाही हक्क होता, आणि एक प्रजात त्यांच्या नावावर करून कोळी ती बाकी वसूल करू शकतो.

बातमी छापून येते तेव्हा मथळा ठरलेला: "दुर्मिळ कोळी आढळला". तो दुर्मिळ आहे की नाही, हे अजून कोणालाच ठाऊक नसतं. मग फोन सुरू होतात. पहिला प्रश्न: विषारी आहे का? जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं, युलोबोरिडी हे कुळ सोडून; पण दोन मिलिमीटरच्या कोळ्याचा दात माणसाच्या कातडीत घुसणारच नाही. ही माहिती ऐकून लोकांचा हिरमोड होतो. दुसरा प्रश्न: "त्याना उपयोग काय शे?" पाचोळ्यातले माइट आणि कोलेंबोला खातो, म्हणून पाचोळ्याची माती होण्याच्या कामावर त्याचा हात असतो, असं सांगितलं तर समोरचा मान डोलवतो आणि विचारतो, "म्हणजे खतात टाकता येईल?"

शोधनिबंधाच्या शेवटी "प्रसार" असा एक मथळा असतो आणि त्याखाली बहुतेक वेळा एकच ओळ: फक्त मूळ ठिकाणाहून ज्ञात. वाचणाऱ्याला वाटतं, हा कोळी जगात या एकाच झाडाखाली राहतो. तो अनेर धरणाच्या अभयारण्यात असेल, लळिंगच्या कुरणात असेल, सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशातही असेल. कोळ्याला राज्याची सीमा कुणी सांगितलेली नाही. पण तिथं अजून चाळणी पोचलेली नसते. त्यामुळं नकाशावर त्याचा एकुलता एक ठिपका पडतो तो वनविभागाच्या विश्रामगृहापासून चालत जायच्या अंतरावर, आणि बहुधा दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्याच अंतरावर.